तोकीआजींची चिडचिड आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सुट्टीत मुलांना दाखवायला म्हणून मी 'पोन्यो' सुचवला होता, तर त्यावर एवढे मेसेज आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकतेय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्टुडिओ घिबली या जपानी कंपनीचा २००८ चा अ‍ॅनिमेशन सिनेमा, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी. समुद्रातली एक लालबुंद मासोळी बरणीत अडकते, सोसुके नावाच्या पाच वर्षांच्या मुलाला सापडते, तिला त्याचा लळा लागतो आणि माणूसच व्हायचं असतं, आणि तिच्या त्या हट्टापायी समुद्र खवळून अख्खं गाव पाण्याखाली जातं. बाकी तुम्ही विचारलंय ते खाली.

प्रश्न : ताई, माझ्या सहा वर्षांच्या लेकीने पोन्यो इतक्यांदा पाहिलाय की मला डायलॉग पाठ झालेत. पण माझी जाऊ न्यू जर्सीला असते, ती म्हणाली की यात डायव्हर्सिटी शून्य आहे, सगळे एकाच देशाचे एकाच रंगाचे, तिकडे पालक असे सिनेमे बघताना यावरून पाचपैकी मार्क बघतात म्हणे. आता मला कळेना की दाखवू का नको. — एक आई, नाशिक

दाखवा हो, बिनधास्त दाखवा. पण जाऊबाईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ आहे असं मी नाही म्हणणार, फक्त त्यांची मोजणी भलत्याच ठिकाणी चाललीये. रंग मोजायला बसलात तर पोन्यो नापासच होणार, कारण गोष्ट जपानमधल्या एका छोट्याशा बंदराच्या गावात घडते. मियाझाकी २००५ मधे हिरोशिमा प्रांतातल्या तोमोनोउरा या गावी जाऊन राहिले होते, फुकुयामा शहरातलं जुनं बंदर आहे ते, आणि सिनेमातला तो डोंगरकडा, वळणावळणाचा रस्ता, बोटी हे सगळं तिथूनच सुचलेलं. आता अशा गावात राहतं कोण? तरुण पोरं शहरात गेलेली, जे कमावते आहेत ते बोटीवर, आणि मागे उरलेत म्हातारी माणसं, लहान मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका. पोन्योत नेमकी हीच माणसं आहेत आणि दुय्यम म्हणून नाहीत.

सोसुकेची आई लिसा वृद्धांच्या डे केअर सेंटरमधे काम करते आणि त्याची बालवाडी त्याच्याच शेजारी, मधे फक्त कुंपण. म्हणून हा पोरगा बिनदिक्कत इकडून तिकडे जातो आणि व्हीलचेअरवर बसलेल्या आज्यांशी गप्पा मारतो. हे काही स्वप्नरंजन नाही बरं का, जपानमधे बालवाडी आणि वृद्धाश्रम एका छपराखाली अशा जागा खरंच आहेत, टोक्योच्या एदोगावा भागातलं कोतोएन त्यासाठी प्रसिद्ध आहे. सिनेमा आला तेव्हा जपानमधे पासष्टीच्या वरची माणसं २२ टक्क्यांच्या आसपास होती, आता ती २९ टक्क्यांवर गेलीत. एवढ्या लोकांना जर मुलांच्या सिनेमात जागाच नसेल तर तेही प्रतिनिधित्वाचंच प्रकरण झालं ना, आणि त्यावर मार्क मात्र कुणी ठेवत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते तोकीआजींबद्दल. बाकीच्या आज्या गोड आहेत, सोसुके बादलीत पोन्यो घेऊन येतो तेव्हा त्या "किती छान" करतात, आणि ही एकटी तोकी बघते आणि ओरडायलाच लागते की अरे हा माणसाच्या तोंडाचा मासा आहे, समुद्रात सोड त्याला, त्सुनामी येईल! आणि पोन्यो काय करते तर तिच्या तोंडावर पाण्याची पिचकारी मारते. पुढे सोसुके तिला कागदाची घडी घालून काहीतरी करून देतो तर त्यातही ती खोट काढते. म्हणजे कुरकुरी, संशयी, तोंडाळ म्हातारी. आणि गंमत बघा, समुद्र खवळणार हे तिचं एकटीचंच खरं ठरतं. पुढे सगळ्या आज्या फुजिमोतोच्या, म्हणजे पोन्योच्या बापाच्या, गोडगोड बोलण्यावर विश्वास ठेवून खाली पाण्यात जातात आणि ही बया तेवढी वर थांबते, मला नाही पटत म्हणते. शेवटी सोसुके पोन्योला घेऊन पळत येतो तेव्हा हात पसरून त्याला झेलणारी हीच.

म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाला सिनेमात घ्यायचं म्हटलं की लेखक लोक लगेच त्याला संत करतात, सतत हसतमुख, सतत दुसऱ्याला धीर देणारा, आणि तिसऱ्या अंकात मरायला मोकळा. आपल्याकडच्या मालिकांमधल्या आज्या आठवा, एक तर देवघरात नाहीतर कारस्थानात. तोकीला चिडायची मुभा आहे, चुकीचं बोलायची आहे, आणि तरी गोष्टीत तिचं काम आहे. मी तरी एखाद्या सिनेमात कोण कोण दिसतंय हे बघताना आधी हे बघते, की ज्याला घेतलंय त्याला वाईट मूडमधे राहायची परवानगी आहे का.

लिसाचंही तसंच. ती गाडी अशी हाणते की आपल्या घाटातल्या एसटी ड्रायव्हरनेही कानाला हात लावावा. नवरा कोइची जहाजावर कप्तान, आज घरी येणार म्हणून ती स्वयंपाकाला लागलेली असते आणि त्याचा निरोप येतो की नाही जमत. मग रात्री त्याचं जहाज समोरून जाताना तो दिव्याच्या उघडझापीने सॉरी सॉरी पाठवतो आणि ही इकडून त्याच दिव्याने "मूर्ख मूर्ख मूर्ख" असं दणादण पाठवत सुटते. बियर उघडते. मग उताणी पडून राहते आणि पाच वर्षाचं पोर तिच्या डोक्यावरून हात फिरवतं. मुलांच्या सिनेमात आई एवढी रागावलेली आणि एवढी बरोबर असलेली मी फार कमी वेळा पाहिलीये. आणि एक सीन बहुतेक लोक विसरतात. पूर आल्यावर पोन्यो आणि सोसुके होडीतून जात असताना त्यांना एक जोडपं भेटतं तान्ह्या बाळाला घेऊन, पोन्यो बाळाला सूप द्यायला जाते तर त्याची आई सांगते की बाळ नाही पिऊ शकत, पण मी प्यायले की त्याचं दूध होईल आणि ते बाळाला मिळेल. बस, एवढंच. कुणी लाजत नाही, कुणी विषय बदलत नाही. लेकीने काही विचारलं तर तुम्हीही असंच सरळ सांगा.

आता जाऊबाईंची बाजू. हा सिनेमा जपानमधे जुलै २००८ ला लागला आणि पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २००८ मधे, दोन देशांतल्या करारानुसार इंडोनेशियातून नर्स आणि वृद्धांची काळजी घेणाऱ्या कामगारांची पहिली तुकडी जपानला पोचली. नंतर फिलिपिन्स, व्हिएतनाम. आज जपानमधे राहणारे परदेशी ३७ लाखांच्या वर गेलेत (२०२४ अखेरचा आकडा), आणि सेतो समुद्राच्या, म्हणजे तोमोनोउरा ज्याच्या काठी आहे त्याच समुद्राच्या, काठच्या जहाजकारखान्यांतही बाहेरच्या देशांतली बरीच पोरं राबतायत. म्हणजे आजच्या घडीला लिसाच्या सेंटरमधे तिच्यासोबत शिफ्ट करणारी एखादी जकार्ताची मुलगी असली तर नवल नाही. भारतानेही जानेवारी २०२१ मधे जपानशी कामगार पाठवायचा करार केलाय, त्यात वृद्धसेवेचं काम आहे, आणि पुण्यात जपानी शिकणारी पोरं किती आहेत ते तुम्हाला माहितीच असेल, त्यामुळे उद्या तिथे एखादी आपली सांगलीची नाहीतर साताऱ्याचीही भेटेल. २००८ च्या सिनेमात ती नव्हती हे मी समजू शकते. पण त्यानंतर आलेल्या मोठ्या जपानी कौटुंबिक सिनेमांतही ती शोधावीच लागते, तिथे मात्र जाऊबाईंचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त तो त्यांनी न्यू जर्सीच्या फूटपट्टीने न मोजता तोमोनोउराच्या हिशोबाने मोजावा.

प्रश्न : मी स्वतः व्हीलचेअर वापरतो, वय २९. तुमच्या सांगण्यावरून सिनेमा पाहिला. सगळं छान चाललं होतं आणि मग त्या आज्या पाण्याखाली जाऊन एकदम धावायला लागल्या, शर्यत काय लावतात. माझं डोकंच फिरलं. आमचं सुख म्हणजे शेवटी पाय परत मिळणं एवढंच का? — पुणे

तुमचं डोकं फिरलं ते बरोबरच आहे, मी त्याला मलमपट्टी करणार नाही. अपंग माणूस गोष्टीत आला की शेवटी एक तर बरा होतो नाहीतर मरतो, अपंग राहून जेवतोय भांडतोय प्रेमात पडतोय असा शेवट फार कमी जणांना सुचतो. पोन्योही त्याच वाटेने गेलाय. म्हणजे जो सिनेमा तासभर तोकीला तिच्या खुर्चीसकट पूर्ण माणूस म्हणून वागवतो तोच पुढे ती खुर्ची बाजूला सारून मोकळा होतो.

एक गोष्ट मात्र माहिती असावी म्हणून सांगते, सबब म्हणून नाही. मियाझाकी लहान असताना त्यांच्या आईला मणक्याचा टीबी होता, १९४७ पासून कित्येक वर्षं त्या अंथरुणाला खिळलेल्या, मुलांना आईला पाठीवर घे म्हणता येत नव्हतं. त्यांच्याच 'तोतोरो' या सिनेमातली दवाखान्यातली आई तिथूनच आली, आणि तोकी आपल्या आईवरून काढलीये हे त्यांनी स्वतः सांगितलंय. तेव्हा पाण्याखालची ती धाव मला एका सत्तरीला आलेल्या मुलाची इच्छा वाटते, आईला एकदा पळताना बघायची. मुलाच्या बाजूने बघितलं तर समजतं. पण व्हीलचेअरवर बसून बघणाऱ्या माणसाने दिग्दर्शकाच्या आईचा आजार का लक्षात घ्यावा, त्याला पडद्यावर जे दिसलं तेच खरं. आणि बघा, शर्यत लावणाऱ्या त्या आज्यांना आपापसात हा परलोक तर नाही ना अशी शंका येते, म्हणजे बनवणाऱ्यालाही आत कुठेतरी माहितीये की हे इथलं नाही.

तुम्हाला एक दुसरा सुचवते, २०२० चा 'जोसे, द टायगर अँड द फिश', बोन्स स्टुडिओचा, दिग्दर्शक कोतारो तामुरा, मूळ गोष्ट सेइको तानाबे यांची. मुलांचा नाही म्हणता येणार, कॉलेजच्या वयाचा आहे. नायिका व्हीलचेअरवर, ओसाका परिसरातली, आजीने घरात कोंडल्यासारखी वाढवलेली, चित्रं काढणारी आणि जिभेला धार असलेली. पहिला अर्धा तास ती नायकाला नुसती राबवून घेते. तिचे पाय शेवटी बरे होत नाहीत, तिला काम मिळतं. उलट नायकालाच अपघात होऊन कुबड्या येतात आणि तेव्हा त्याला कळतं काय असतं ते. हे जरा जास्तच शिकवणी घेतल्यासारखं झालंय असं माझं मत, पण तुमचं डोकं फिरणार नाही एवढं नक्की.

आणि 'अ सायलेंट व्हॉइस' (२०१६, क्योटो अ‍ॅनिमेशन) तुम्ही पाहिला असेलच. शाळेत एका बहिऱ्या मुलीला छळतात आणि छळणारा मोठा होऊन तिला शोधत येतो. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, छापताना प्रकाशकांनी आधी वकिलांचा सल्ला घेतला, बहिऱ्या लोकांच्या राष्ट्रीय संघटनेलाही विचारलं, इतकी त्यांना धास्ती होती. इंग्रजी डबिंगमधे त्या मुलीचा आवाज एका कमी ऐकू येणाऱ्या नटीनेच दिलाय, लेक्सी काउडेन. तरी मला ती शोको जरा जास्तच माफ करणारी वाटते. सतत सॉरी म्हणते बिचारी. तोकीआजींकडे पाठवायला हवी होती तिला चार दिवस.

प्रश्न : नातवासोबत बघितला. एवढासा पोरगा आईला "लिसा" आणि बापाला "कोइची" म्हणून हाक मारतो, हे काय वळण? आणि वादळात पाच वर्षाच्या पोराला घरी एकटं टाकून आई जाते? — एक आजी, सातारा

आजी, पहिल्याचं उत्तर सिनेमात कुठेच दिलेलं नाही आणि जपानमधेही हे सर्रास नसतं, तिथल्या प्रेक्षकांनाही खटकलं होतं. पण तुमच्या लहानपणीचे वाडे आठवा बरं, काका लोक आईला वहिनी म्हणायचे म्हणून पोरंही तिला वहिनीच म्हणायची, बापाला अण्णा नाहीतर दादा, आणि चारचौघांत अरे-तुरे. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्याचं, ती त्याला एकटं टाकून जाते कारण सेंटरमधे आज्या अडकल्यात आणि त्यांच्याकडे बघायला कोण आहे ते कळत नाहीये. तो म्हणतो मीही येतो, ती त्याला जवळ घेऊन समजावते की आपलं घर उंचावर आहे, दिवा लागलेला दिसला की लोकांना धीर येईल, तू इथे थांब. मला स्वतःला तो निर्णय चुकीचा वाटतो. मी नसते गेले. पण असं वाटायला लावणारी आई पडद्यावर असावी, तुमच्या आमच्या मनासारखीच वागणारी कशाला हवी. आणि नातवाला सांगा की खऱ्या वादळात घरातून हलायचं ते मोठ्यांसोबतच.

प्रश्न : मी अ‍ॅनिमेशन शिकतेय. दोन शंका. अ‍ॅनिमेमधली माणसं गोरी युरोपियन का दिसतात? आणि घिबलीच्या नायिकांचं सगळे कौतुक करतात, तर तिथे बायका किती काम करतात? — ठाणे

पहिल्याचं पटकन सांगते. ती तुला मला युरोपियन दिसतात, जपानी प्रेक्षकाला जपानीच दिसतात. साधी रेघ, काही खास खुणा नाहीत, मग बघणारा आपल्या घरचा चेहरा त्यात भरतो. लिसाचे तपकिरी केस बघून हिरोशिमात कुणी तिला परदेशी समजत नाही.

दुसरा प्रश्न जास्त टोचणारा आहे. आजवर घिबलीचा एकही मोठा सिनेमा बाईने दिग्दर्शित केलेला नाही. एकही नाही. नायिका ढीगभर, दिग्दर्शिका शून्य. २०१६ मधे योशिआकी निशिमुरा, जे आधी घिबलीत निर्माते होते, त्यांना लंडनच्या गार्डियन या वर्तमानपत्राने हेच विचारलं तर ते म्हणाले की बायका वास्तववादी असतात, घरसंसार चांगला बघतात, कल्पनारम्य सिनेमाला लागतो तो आदर्शवाद पुरुषांत असतो. बोंबाबोंब झाली, मग त्यांनी माफी मागितली. आणि याच स्टुडिओचा सगळा रंग ज्या बाईने ठरवला, मिचियो यासुदा, त्या दशकानुदशकं तिथे होत्या, २०१६ मधेच गेल्या. पोन्योचा तो लाल आणि समुद्राचा तो निळा त्यांच्याच हाताखालून गेलाय. म्हणजे सगळी कल्पनारम्यता ज्यांनी रंगवली त्या वास्तववादी, असं का? तुला सांगते, श्रेयनामावली कधी पळवू नकोस, थांबवून वाच, कुठल्या खात्यात बायका आहेत आणि कुठल्या खात्यात पोचेपर्यंत त्या गळतात ते तिथेच दिसतं. वर ज्या सायलेंट व्हॉइसचं बोलले तो नाओको यामादा या बाईंनी केलाय, घिबलीबाहेर.

प्रश्न : जपान्यांनी आपलं रामायण काढलं होतं ते आठवतं. त्यांनी आपल्याला नीट दाखवलं का? — निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, हा खरा उलटा प्रश्न झाला, आणि मला फार आवडला. युगो साको नावाचे माहितीपट बनवणारे गृहस्थ, १९८३ मधे रामायणाशी संबंधित उत्खननावर फिल्म करायला इकडे आले आणि रामायणाच्या प्रेमातच पडले. त्यावर विश्व हिंदू परिषदेने गैरसमजातून जपानी दूतावासाला निषेधाचं पत्र पाठवलं की परक्या माणसाने रामायणावर मनमानी सिनेमा करू नये. साकोंनी भेटून समजूत काढली. सरकारला मात्र रामायणाचं कार्टून ही त्यांची कल्पनाच झेपेना, त्यात अयोध्येचा वाद तापलेला, म्हणून काम शेवटी जपानमधेच झालं. पण दिग्दर्शनात साको आणि कोइची सासाकींच्या जोडीला आपले अ‍ॅनिमेटर राम मोहन होते, संगीत वनराज भाटियांचं, आणि संस्कृत गीतं वसंत देवांची, मराठी नाटकं हिंदीत नेणारे तेच. जानेवारी १९९३ मधे दिल्लीच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, तो दाखवला गेला.

नीट दाखवलं का, तर बऱ्याच अंशी हो. भारतीय चित्रकारांनी जपान्यांना धोतर कसं नेसतात, लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद कसा घ्यायचा इथपासून समजावून दिलं होतं, आणि ते पडद्यावर दिसतं. सोंगाची कपडेपट्टी वाटत नाही. डोळे मात्र तिकडचेच. आणि त्राटिका वगैरे राक्षस मंडळी अक्राळविक्राळ, माणसापासून तोडलेली, यात जपान्यांचा दोष कमी आणि आपल्या कॅलेंडरांचा जास्त, त्यांनी समोर जे ठेवलं तेच गिरवलं. परक्यांनी काढलं म्हणून जो आरडाओरडा झाला त्यापेक्षा हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

२४ जानेवारी २०२५ ला तो थेटरात परत आला, हिंदी, इंग्रजी, तमीळ आणि तेलुगूत. हिंदीत पूर्वी रामाचा आवाज अरुण गोविलांचा आणि रावणाचा अमरीश पुरींचा होता. मराठीत नाही आला. आपल्याकडे एवढी नाटकवाली मंडळी, आकाशवाणीवर घडलेले आवाज, बालनाट्याची पोरं, आणि रामायण ऐकायला आपल्या पोरांनी हिंदीत जायचं. यावर मी वितरकांना मेल टाकलाय, तुम्हीही टाका, उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापते.